बेळगावात भाड्याच्या खोलीसाठी स्वस्त लहान पंखा: निवडीपासून पावसाळ्यातील देखभालीपर्यंत

आमचे बिऱ्हाड चंदगड तालुक्यातून बेळगावच्या वडगावात आले ते एका एप्रिल महिन्यात. गावाकडे घरावर मंगलोरी कौले, मागे फणसाची सावली आणि चारही बाजूंनी वारा, त्यामुळे पंखा ही विकत घेण्याची वस्तू आहे असे कधी वाटलेच नव्हते. वडगावात मात्र पत्र्याच्या छपराखालच्या दोन खोल्या मिळाल्या. छताला पंख्याचा हूक नव्हता, आणि दुपारी दोननंतर पत्र्यातून उतरणारी धग अंगावर कोणीतरी तवा धरावा तशी जाणवे. त्यानंतरच्या चार वर्षांत आम्ही चार लहान पंखे घेतले. पहिला वीस दिवसांत जळाला, दुसरा आवाजामुळे वापरता आला नाही, तिसरा आजही चालू आहे आणि चौथा केवळ वीज गेल्यावर काढतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी खानापूर, निपाणी, चंदगड या भागांतून बेळगावात नव्याने येणाऱ्यांना हेच पैसे पुन्हा घालवावे लागू नयेत, म्हणून हा अनुभव क्रमाने लिहीत आहे.

मला आता पुरते पटले आहे की स्वस्त पंखा वाईटच असतो असे नाही. तो कोणत्या खोलीसाठी, कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी चालणार आहे हे न ठरवता घेतला, तरच तो निरुपयोगी ठरतो.

१. आधी खोली पाहा

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे उन्हाळ्यातही संध्याकाळनंतर बाहेरची हवा चांगलीच उतरते आणि वळीव पडून गेल्यावर तर रात्री पांघरूण घ्यावे लागते. पण खोलीच्या आतली हवा तशी उतरत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो. पत्रा लवकर निवतो, परंतु दुपारी तो असह्य तापतो. म्हणून स्लॅबच्या खोलीत पंखा प्रामुख्याने रात्री लागतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी. रात्री लागणारा पंखा शांत हवा, दुपारी लागणारा जोरकस हवा. हा फरक आम्ही पहिल्या वर्षी लक्षात घेतला नाही.

अथणी, रायबाग, चिकोडी या उत्तरेकडील कोरड्या भागांत राहणाऱ्यांसाठी उन्हाळा अधिक कडक असतो, तर खानापूर, जांबोटी, लोंढा या घाटालगतच्या भागांत उन्हापेक्षा पावसाळ्याची ओल हा मोठा प्रश्न असतो. तुम्ही कोठे राहणार, यावर पंख्याचे काम बदलते.

खोलीत तीन गोष्टी पाहून ठेवा: वीजेचा बोर्ड कोणत्या भिंतीवर आहे, खिडकी आणि दार समोरासमोर आहेत की एकाच बाजूला, आणि पंखा ठेवण्यासाठी गुडघ्याइतक्या किंवा कमरेइतक्या उंचीची स्थिर जागा आहे का.

२. आकार आणि प्रकार ठरवा

लहान पंखे साधारणपणे पात्यांच्या घेरावरून ओळखले जातात. बाजारात तीन आकार सहज मिळतात: २२५ मिलिमीटर म्हणजे नऊ इंची, ३०० मिलिमीटर म्हणजे बारा इंची, आणि ४०० मिलिमीटर म्हणजे सोळा इंची.

नऊ इंची पंखा, ज्याला दुकानदार 'ऑल पर्पज' म्हणतात, टेबलावरही ठेवता येतो आणि भिंतीलाही लावता येतो. त्याची पाती लहान असल्यामुळे वारा मिळावा म्हणून ती फार वेगाने फिरवली जातात. वारा जोरात येतो, पण तो अरुंद झोतासारखा असतो आणि आवाज मोठा होतो. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ किंवा दुकानाच्या गल्ल्यावर तो उत्तम चालतो. झोपण्याच्या खोलीसाठी मात्र मी तो सुचवणार नाही. आमचा दुसरा पंखा हाच होता आणि मुलाला त्याच्यासमोर बसून अभ्यासही करता येईना.

एका किंवा दोन माणसांच्या खोलीसाठी तीन वेगांचा, मान फिरणारा बारा इंची किंवा सोळा इंची टेबल पंखा योग्य ठरतो. मोठी पाती कमी वेगानेही पुरेशी हवा हलवतात, म्हणून जागा असेल तर सोळा इंचीच घ्यावा. मोबाईलच्या चार्जरवर चालणारे हातभर अंतरापुरते यूएसबी पंखे स्वस्त असतात, पण ते टेबलावर वाचत बसलेल्या एका माणसाच्या तोंडावर वारा घालण्यापुरतेच आहेत. खोलीसाठी पंखा म्हणून ते घेऊ नयेत.

३. वीज किती लागेल याचा हिशेब

लहान टेबल पंखा साधारण ४० ते ६० वॅटचा असतो. ४५ वॅटचा पंखा रोज आठ तास चालला तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा छताचा पंखा तेवढाच वेळ चालला तर १८ युनिट होतात.

कर्नाटकात जुलै २०२३ पासून घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना लागू आहे, त्यामुळे अनेकांना वाटते की दोनशे युनिटपर्यंत काहीही वापरले तरी बिल येत नाही. हा गैरसमज आहे. त्या घराचा २०२२-२३ या वर्षातील महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर थोडी वाढ, एवढीच तुमची मोफत मर्यादा असते. तिच्या वर पण दोनशेच्या आत वापर गेला तर फरकाची रक्कम भरावी लागते आणि दोनशेच्या पुढे गेला तर संपूर्ण बिल भरावे लागते. ज्या खोलीची मर्यादा मुळातच पन्नास-साठ युनिटची आहे, तिथे दोन पंख्यांचे बावीस युनिट निश्चितच जाणवतात. भाडेकरूलाही योजनेचा लाभ घेता येतो. त्यासाठी हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलावरील आर. आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) आणि आधार कार्ड लागते. बिल कन्नडमध्ये असते. वाचता येत नसेल तर खोली घेतानाच घरमालकांकडून आर. आर. नंबर आणि मोफत मर्यादा कोठे छापली आहे ते दाखवून घ्या.

४. दुकानात काय तपासावे

या टप्प्यावर घाई करू नका. आम्ही पहिला पंखा शनिवारी घेतला. शनिवार हा बेळगावच्या बाजाराचा दिवस. गणपत गल्ली आणि खडेबाजार माणसांनी भरलेले असतात आणि दुकानात उभे राहायलाही जागा नसते. पंखा लावून दाखवला तेव्हा तो फिरतो एवढेच दिसले, त्याचा आवाज गर्दीत ऐकूच आला नाही. म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

पुढील गोष्टी दुकानदारांना सांगून, समोर करवून घ्या. 'काका, जरा एक नंबरवर लावून दाखवा' एवढे म्हटले तर कोणताही चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

पहिली तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. पंखा पूर्ण थांबलेला असताना थेट एक नंबरच्या म्हणजे सर्वांत कमी वेगावर सुरू करायला सांगा. चांगला पंखा क्षणभर सावरून आपोआप फिरू लागतो. जो नुसता गुणगुणतो आणि बोटाने ढकलल्यावरच फिरतो, किंवा फिरायला फार वेळ घेतो, तो संध्याकाळी व्होल्टेज कमी झाल्यावर तुमच्या घरी सुरूच होणार नाही; आणि वीज चालू असताना न फिरणारी मोटर तापून जळते. आमचा पहिला पंखा अगदी असाच गेला. रात्री तो थांबलेला कोणाच्या लक्षात आला नाही, आणि पहाटे वार्निश जळल्याचा कडवट वास आला.

दुसरी तपासणी म्हणजे बंद केल्यावर पाती कशी थांबतात ते पाहणे. ती हळूहळू मंदावत थांबली पाहिजेत. झटक्यात थांबली तर आतला बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो ती लहान नळी, घट्ट आहे असे समजावे. प्लग काढल्यावर पाते हातात धरून हलक्याने वर-खाली करून पाहा. आसाला आडवा खुळखुळा असेल तर तो पंखा घेऊ नका, काही महिन्यांत त्याचा आवाज वाढणारच.

तिसरे म्हणजे कमीत कमी वेगावरचा आवाज. जास्त वेगाचा आवाज वाऱ्याचा असतो, तो चालतो. कमी वेगावर येणारी टक-टक किंवा घरघर मात्र मोटरची आणि जाळीची असते, आणि रात्री झोपताना नेमका हाच वेग लागतो.

त्यानंतर मान फिरवून पाहा. मोटरच्या मागच्या बाजूला वरती एक खुंटी असते. ती दाबली की मान फिरते, ओढली की थांबते. मान फिरत असताना वायर जाळीत किंवा दांड्यात अडकत नाही ना, ते बघा.

जाळीच्या तारांमधून लहान मुलाचे बोट जाऊ नये. घरात रांगते मूल असेल तर ही अट दरापेक्षा आधी ठेवा. शेवटी आयएसआय चिन्ह बघा. टेबल पंख्यांसाठीचे भारतीय मानक आयएस ५५५ आहे आणि छताच्या पंख्यांसाठीचे आयएस ३७४. चिन्हासोबत छापलेला परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकला की तो खरा आहे की नाही हे दुकानातच कळते. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधील तारेचे वेटोळे, तांब्याचे आहे की ॲल्युमिनियमचे हेही विचारा आणि खोक्यावर छापलेले असेल तर वाचा. तांब्याचे वाइंडिंग कमी तापते आणि जळाले तर पुन्हा भरून घेणे परवडते.

५. जवळ ठेवायची कागदपत्रे आणि साहित्य

पक्के बिल, ज्यावर पंख्याचा अनुक्रमांक लिहिलेला असेल. दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेले वॉरंटी कार्ड. आणि वॉरंटी संपेपर्यंत मूळ खोका. शिक्का नसलेल्या कार्डाचा उपयोग होत नाही, आणि नंतर शिक्का मागायला गेलो तेव्हा तो मिळाला नाही, हा आमचा अनुभव आहे. दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

साहित्य फारसे लागत नाही: एक स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, रंगाचा जुना कोरडा ब्रश, सुती फडके आणि शिलाई मशीनच्या तेलाची लहान बाटली.

६. प्लग आणि बोर्ड

पंख्याची बाहेरील बाजू धातूची असेल तर त्याला तीन पिनांचाच प्लग हवा आणि तो अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावला पाहिजे. जुन्या चाळीवजा खोल्यांत सॉकेटला तीन भोके असतात, पण अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून हे एकदा तपासून घ्या. अर्थिंग होण्यासारखे नसेल तर पूर्ण प्लॅस्टिकच्या बॉडीचा, दुहेरी इन्सुलेशनचा पंखा घ्या. त्याच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असते. सॉकेट सैल असेल आणि प्लग लावल्यावर चुरचुर आवाज येत असेल तर तो बदलल्याशिवाय रात्रभर पंखा चालवू नये. एक्स्टेन्शन बोर्डवर पंख्यासोबत इस्त्री किंवा पाणी तापवण्याचा रॉड कधीही लावू नका.

७. पंखा कोठे ठेवावा

पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त हवा हलवतो, आणि अंगावरचा घाम उडाल्यामुळे आपल्याला गार वाटते. हे एकदा लक्षात घेतले की पुढचे सगळे सोपे होते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून खोली गार होत नाही, उलट मोटरची थोडी उष्णताच भर पडते. बाहेर पडताना तो बंद करावा.

दुपारी पत्र्याखाली पंखा उंचावर ठेवला तर तो छताजवळची तापलेली हवा खाली ढकलतो. म्हणून दुपारी तो खाली, गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवा. जमिनीवरच ठेवला तर धूळ फार ओढतो, आणि आमच्या गल्लीत तर घरोघरी माग असल्यामुळे सुताचा बारीक भुसा आठवड्यात जाळीवर कापसासारखा साचत असे. एक जुने स्टूल पुरते. स्टुलाच्या पायाखाली किंवा पंख्याच्या बुडाखाली घडी केलेले पोते ठेवले की कंप आणि आवाज दोन्ही कमी होतात.

संध्याकाळी सातनंतर व्यवस्था बदला. बाहेर दारात उभे राहून पाहा. बाहेर आतल्यापेक्षा गार लागत असेल तर तीच हवा आत आणायची आहे. खिडकी आणि दार समोरासमोर असतील तर पंखा दारापासून दोन-तीन फूट आत, तोंड दाराकडे करून ठेवा. तो आतली गरम हवा बाहेर ढकलतो आणि खिडकीतून गार हवा आपोआप येऊ लागते. हे ऐकायला उलटे वाटते, कारण पंखा आपल्या अंगाकडे नसतो. उदबत्ती लावून खिडकीजवळ धरा. धूर आत वळू लागला की मांडणी बरोबर आहे. आमच्या खोलीत अर्ध्या-पाऊण तासात फरक जाणवत असे. मग झोपताना पंखा अंगाकडे वळवायचा. खोलीला एकच दार असेल आणि खिडकी नसेल तर पंख्याची पाठ दाराकडे ठेवून बाहेरची हवा आत ओढणे बरे.

झोपताना वारा थेट चेहऱ्यावर घेऊ नका. पायांच्या बाजूने, मान फिरती ठेवून घेतला तर अंग आखडत नाही आणि मच्छरही कमी बसतात, कारण वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही. पहाटे तीननंतर बेळगावात गारवा वाढतो. लहान मुलांच्या खोलीत त्या वेळी पंखा बंद करण्याची सवय ठेवा.

अथणीकडच्या नातेवाइकांसाठी एक सूचना वेगळी द्यावी लागते. तिकडे भर उन्हाळ्यात हवा अंगापेक्षा गरम असते, तेव्हा कोरड्या अंगावर घेतलेला पंख्याचा वारा आराम देत नाही, उलट शरीरातील पाणी लवकर कमी करतो. अशा वेळी हातपाय आणि मान ओल्या फडक्याने पुसून मगच वारा घ्यावा आणि पाणी पीत राहावे; खिडकीला घट्ट पिळलेली ओली चादर बांधली तर कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. ओले कापड पंख्यावर किंवा जाळीवर टाकू नये. म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे यांना चाळीस अंशांपुढच्या उन्हात केवळ पंख्याच्या भरवशावर पत्र्याखाली ठेवू नका.

८. महिन्यातून एकदा सफाई

धूळ साचलेली पाती जड होतात, वारा कमी येतो आणि मोटर तापते. प्लग काढा, समोरच्या जाळीच्या क्लिपा उघडा आणि पाती काढा. येथे नवखी माणसे हमखास चुकतात. पात्याच्या मध्यावर असलेली टोपी बहुतेक टेबल पंख्यांत उलट आट्यांची असते. ती सैल करण्यासाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावी लागते. नेहमीसारखी डावीकडे फिरवून जोर लावला तर ती आणखी घट्ट बसते किंवा तिचे प्लॅस्टिकचे आटे झिजतात. टोपीवर अनेकदा बाण कोरलेला असतो, तो आधी पाहा. मागची जाळी धरणारे मोठे चाक मात्र नेहमीच्या आट्यांचे असते.

पाती साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. मोटरवर पाणी कधीही घालू नका. तिच्या मागच्या फटींतील धूळ कोरड्या ब्रशने काढा. आस जिथे बुशात शिरतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. खोबरेल तेल घालू नका, ते थंडीत थिजते आणि धुळीसोबत त्याचा चिकट लगदा होतो.

मान फिरती असताना ती हाताने दुसरीकडे वळवू नका. आतील प्लॅस्टिकच्या चाकांचे दात तुटतात. आधी खुंटी ओढून थांबवा, मग वळवा.

९. पंखा फिरेनासा झाला तर

गुणगुणतो पण फिरत नाही, आणि बंद करून हाताने फिरवल्यावर पाती सहज फिरतात, तर बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला लावणारा लहान भाग, गेलेला असतो. नवा कंडेन्सर स्वस्तात मिळतो, पण जुन्यावर छापलेला आकडा आणि नव्यावरचा आकडा तोच असला पाहिजे. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट राहू शकतो, म्हणून हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. पाती हातानेच जड फिरत असतील तर दोष बुशाचा आहे. सफाई आणि तेल करून पाहा. जळका वास आला असेल तर पुन्हा चालवून पाहू नका. स्वस्त पंख्याचे वाइंडिंग नव्याने भरण्याचा खर्च नव्या पंख्याच्या निम्म्यावर जात असेल तर नवा घेणेच शहाणपणाचे.

१०. वीज गेल्यावर

वळिवाच्या वाऱ्यात झाडाच्या फांद्या तारांवर पडून तासन् तास वीज जाते. तक्रारीसाठी हेस्कॉमचा क्रमांक १९१२ आहे. आम्ही यासाठी चार्जिंगचा लहान पंखा ठेवला आहे. तो रोज वापरायचा नसतो, पण वापर नसतानाही महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावा लागतो, नाहीतर बॅटरी बसते. ज्यांच्याकडे दहा हजार एमएएचची पॉवर बँक आहे, त्यांचा पाच वॅटचा यूएसबी पंखा तिच्यावर पाच-सहा तास चालतो आणि येथे त्याचा खरा उपयोग होतो.

११. पावसाळ्यात

जूनपासून अनेकजण पंखा माळ्यावर टाकतात. खानापूरकडच्या ओलीत तीन-चार महिने पडून राहिलेला पंखा दसऱ्यानंतर काढला की बुश गंजून जाम झालेला असतो. माझा सल्ला असा की पावसाळ्यात पंखा बाहेरच ठेवावा. जुलैत शाळेचे गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दोरीपासून चार-पाच फुटांवर, पाणी ठिबकणार नाही अशा जागी पंखा ठेवून मधल्या वेगावर रात्रभर चालवला तर सकाळी कपडे घालण्याजोगे होतात आणि कुबट वासही येत नाही. मात्र कपडे आधी घट्ट पिळून निथळून घ्यावेत आणि खिडकीची एक झडप उघडी ठेवावी, नाहीतर कपड्यांतील ओल खोलीतच राहून भिंतीवर बुरशी येते.

ठेवायचाच असेल तर सफाई करून, तेल घालून, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. दर पंधरा दिवसांनी काढून दहा मिनिटे चालवा.